वार्सिनीच्या नावावरची बाग

वार्सिनीचा पासपोर्ट चंद्रहासने टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकला, किल्ली फिरवली, ती पँटच्या खिशात घातली आणि तो सोफ्यावर येऊन बसला. तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. वार्सिनीची विमानतळाची बस पावणेपाचला हॉटेलातून निघणार होती.

"झेरॉक्स काढून झालं ना?" नीलिमाने स्वयंपाकघराच्या दारातून नवऱ्याला विचारलं.

"झालं."

"मग?"

"मग काय? राहू दे तिथं, सेफ आहे. सही झाली की देतो."

तो मराठीत बोलला, पण त्याचा काही उपयोग नव्हता. वार्सिनी या घरात बारा वर्षं कामाला होती. तिला मराठी बोलता येत नसे, कळत मात्र सगळं असे. तिने ड्रॉवरकडे पाहिलं, मग नीलिमाकडे पाहिलं आणि पुढ्यातल्या थालीपिठाचा एक तुकडा मोडला.

चंद्रहास मेढेकर हा दुबईतल्या रास अल खोरच्या घाऊक बाजारातला मसाल्याचा व्यापारी. लवंग, दालचिनी, जायफळ कंटेनरने मागवायचं आणि पोत्यांनी विकायचं, हा पंचवीस वर्षांचा धंदा. लवंगेच्या खरेदीला तो वर्षातून एकदा इंडोनेशियात जायचा. घरी त्यांच्या लेकीला, पर्णिकाला सांभाळणारी वार्सिनी तिथल्याच पूर्व जावामधली, आणि तिचं गाव ऐन लवंगेच्या पट्ट्यात निघालं. नवरोबा एकदा ते गाव बघायला गेले आणि परत आले ते वेडे होऊनच. गावाचं नाव सुंबरवांगी. "वांग्यांसाठी एवढ्या लांब कशाला जायचं?" असं नीलिमाची बहीण म्हणाली, तेव्हा सगळे पोट धरधरून हसले होते. नंतर नीलिमा स्वतः गेली आणि तीही पाघळली. डोंगराचा उतार, त्यावर लवंगेची झाडं, खाली भाताची खाचरं, जेमतेम दोनशे घरं आणि ओळख ना पाळख असताना केळीच्या पानात भात बांधून आणून देणाऱ्या बायका. इतक्या वर्षांत शारजातल्या शेजाऱ्याचं नाव तिला माहीत नव्हतं, आणि तिथं आठ दिवसांत तिला अख्खी आळी नावाने हाका मारत होती.

डोंबिवलीचा फ्लॅट विकून त्यांनी तिथं बाग घेतली. जागा, झाडं आणि वर बांधलेलं तीन खोल्यांचं घर मिळून तीन लाख दिरहम, म्हणजे तेव्हाच्या भावाने साठ लाखांच्या आसपास. घराचं आढं चढवलं त्या दिवशी गावकऱ्यांनी रिवाजाप्रमाणे त्याला केळीचा घड बांधला आणि अख्ख्या गावाने अंगणात बसून जेवण केलं. दर वर्षी दोन महिने नवरा-बायको तिथं जाऊन राहायची. लवंगेच्या कळ्या चटयांवर वाळत पडल्या की घरभर वास सुटायचा, आणि चंद्रहास लुंगी लावून त्यातून अनवाणी फिरायचा.

परदेशी माणसाच्या नावावर तिथं जमीन होत नाही, हे त्यांना पहिल्या दिवशीच कळलं होतं. दुसरा कोणी असता तर दचकला असता. चंद्रहासला त्यात काही विशेष वाटलंच नाही. कायदा बदलेपर्यंत त्याची स्वतःची कंपनी इथं एक्कावन्न टक्के फहद या स्थानिक अरब मित्राच्या वडिलांच्या नावावर होती. अशी बावीस वर्षं गेली. कागदावर मालक ते, प्रत्यक्षात मालक हा. दर वर्षी ठरलेली फी आणि मिठाईचा डबा पोचवायचा, म्हातारा सही करायचा, हबीबी म्हणून पाठीवर थाप मारायचा, खलास. जग असंच चालतं अशी चंद्रहासची पक्की समजूत होऊन बसली होती. त्यामुळे जमीन त्याने वार्सिनीच्या नावावर घेतली, तिच्याकडून एका साध्या कागदावर 'खरा मालक चंद्रहास मेढेकर' असं लिहून सही घेतली आणि तो निवांत झाला. नोकरी सोडून गावी परतलेली वार्सिनी नवऱ्यासकट बागेच्या कडेला दोन खोल्यांत राहू लागली आणि झाडांकडे पाहू लागली. याला सात वर्षं झाली.

मागच्या वर्षी वार्सिनीचा नवरा गेला. मग सरकारने त्या डोंगराच्या बाजूने मोठा रस्ता काढायला घेतला, जमिनींचे भाव चढले आणि वार्सिनीच्या सासरचे लोक 'विकून टाक' म्हणून तिच्या मागे लागल्याची कुणकुण चंद्रहासला लागली. त्याने घाबरून तिथल्या एका वकिलाला गाठलं. वकील व्हिडिओ कॉलवर अगदी हसतमुख होता. म्हणाला, तुमच्या त्या कागदाला कोर्टात काडीची किंमत नाही. जमीन बाईंचीच. फार तर बाईंकडून ती तीस वर्षांच्या भाड्याने लिहून घ्या, ते मात्र कायद्यात बसतं.

चंद्रहासने त्याआधीच धंदा विकला होता. दोन महिन्यांत लायसन्स जाणार, त्याबरोबर व्हिसाही जाणार. पर्णिका टोरांटोत एका खोलीत दोन मैत्रिणींबरोबर राहते. डोंबिवलीचा फ्लॅट नाही. साठीला टेकलेल्या या दोघांना जगाच्या पाठीवर डोकं टेकायला जागा होती ती सुंबरवांगीची, आणि ती त्यांची नव्हती.

अशात वार्सिनीचाच फोन आला. गावातल्या बायकांबरोबर ती उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या यात्रेला गेली होती. परतताना त्यांचा गट एक रात्र शारजाच्या हॉटेलात थांबणार होता, आणि तिला मॅडमला भेटायचं होतं. चंद्रहासला हर्षवायू व्हायचाच बाकी राहिला. एका दिवसात त्याने वकिलाकडून मसुदा मागवला, त्यात स्वतःची तीन कलमं घुसवली, खालच्या मजल्यावरच्या, कागद टाइप करून शिक्का मारून देणाऱ्या टायपिंग सेंटरमध्ये छापून घेतला आणि तिला 'पासपोर्ट घेऊन ये' म्हणून बजावलं.

आता ती समोर बसली होती. गटातल्या चाळीस बायकांनी एकाच ताग्यातून शिवलेला हिरवा फुलाफुलांचा झगा, गळ्यात नावाची पट्टी. अंगाने सुटली होती, केस पांढरे झाले असावेत पण ते रुमालाखाली होते.

"सर, पासपोर्ट दे दो. हमारा लीडर बोला, बस में बैठने के पहले वापस माँगेगा," ती म्हणाली. तिचं हिंदी शारजाच्या लिफ्टमध्ये आणि ग्रोसरीत तयार झालेलं. त्यात बाई-पुरुष हा भेद नव्हता.

"हाँ हाँ, मिलेगा. टेन्शन मत लो. टायपिंगवाला रेहान चार बजे दुकान खोलेगा, उसके सामने साइन करो, पाँच मिनट का काम. फिर मैं खुद गाडी से छोडता हूँ."

"क्या काग़ज़ है, सर?"

"कुछ नहीं. बगीचे का. फॉर्मॅलिटी."

वार्सिनीने मान हलवली आणि घड्याळाकडे पाहिलं. नीलिमाने तिच्या ताटलीत आणखी एक थालीपीठ वाढलं. नीलिमाला जे आठवत होतं, ते अकरा वर्षांत तिने कुणालाही सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

तेव्हा वार्सिनीचा पासपोर्ट नीलिमाच्या कपाटात, साड्यांच्या खाली असायचा. कामवालीचा पासपोर्ट ठेवून घेणं कायद्याने गुन्हा आहे हे ठाऊक असूनही ओळखीतल्या घरांमधून ते चालायचंच. पळून गेली तर काय घ्या, असं बायका एकमेकींना सांगायच्या. त्या वर्षी रमजानमध्ये वार्सिनीची आई आजारी पडली आणि ती सुट्टी मागू लागली. नीलिमाची नोकरी नवी होती, प्रोबेशन चालू होतं, पर्णिकाला सांभाळायला दुसरं कोणी नव्हतं. "पासपोर्ट व्हिसा ऑफिसला दिलाय, रिन्यूअलला. आला की लगेच जा," असं नीलिमा म्हणाली. आठ दिवस म्हणत राहिली. नवव्या दिवशी वार्सिनीच्या आईला गावाने पुरलं. वार्सिनी त्या दिवशीसुद्धा पर्णिकाचा डबा भरून स्वयंपाकघरात गेली आणि तिथंच जमिनीवर बसली. नीलिमाने तिला तेव्हा जवळ घेतलं होतं. त्या आठवणीने तिला आजही स्वतःची किळस यायची.

टेबलावरचा फोन वाजला. पर्णिका.

"Is she there? Mom, put her on! Put her on!"

फोन हातात आल्यावर वार्सिनीचा चेहरा उजळला. पर्णिका रडत-हसत होती. "Warsi, you look so old! Are they feeding you? When are you going back?"

"आज, पर्णी. अभी बस है."

"Stay one more day, na."

वार्सिनीने फोनवरून नजर उचलून चंद्रहासकडे पाहिलं. चंद्रहास ताठ झाला. आता ही पोरीला सांगणार, असं नीलिमालाही वाटलं, आणि क्षणभर तिने मनोमन तेच मागितलं. कोणीतरी बोलून टाकावं, म्हणजे आपल्याला बोलावं लागणार नाही. पण वार्सिनीने पर्णीला दोन वेळा जेवायला बजावलं आणि फोन ठेवला.

चार वाजायला पाच मिनिटं असताना चंद्रहास उठला. "मी रेहानला घेऊन येतो. तोपर्यंत तिला कुठं जाऊ देऊ नकोस," असं दबक्या आवाजात म्हणून तो चपला घालू लागला.

नीलिमा त्याच्यामागे दारापर्यंत गेली. "अहो, पासपोर्ट देऊन टाका. बरं दिसत नाही."

"बरं दिसायला आपण काय लग्नाला आलोय? नीलू, ती आज सही न करता गेली ना, तर आपण रस्त्यावर आलो. कळतंय का तुला? रस्त्यावर! तिचे दीर उद्या बाग विकतील आणि आपल्या तोंडाला पानं पुसतील."

"आणि तिची फ्लाइट चुकली तर?"

"नाही चुकत. इन्शाल्ला." दार लागलं. लिफ्ट खाली गेल्याचा आवाज आला.

नीलिमा वळली. वार्सिनी उठून ड्रॉवरजवळ उभी राहिली होती. हात लावला नव्हता, नुसती उभी होती. नीलिमाने बेडरूममधून किल्ल्यांचा जुडगा आणला. घरातल्या प्रत्येक कुलपाची दुसरी किल्ली तिच्या जुडग्यात होती, आणि हे चंद्रहास विसरला होता. ड्रॉवरला तिसरी किल्ली लागली. तिने हिरवा पासपोर्ट काढून वार्सिनीच्या हातात दिला. तिला एकदम हलकं वाटलं, आणि लगेच भीती वाटली. आता ही निघून जाणार आणि आपली बागही जाणार.

"वार्सी," ती म्हणाली, "उस साल तेरा पासपोर्ट ऑफिस में नहीं था. मेरे पास था. मैं झूठ बोली."

वार्सिनी पासपोर्ट पर्समध्ये ठेवत होती. तिने चेन ओढून नीट लावली.

"मालूम है, मॅडम. कपाट मैं ही साफ करता था."

"मालूम था? फिर लिया क्यों नहीं? बोली क्यों नहीं?"

"आप बोला ऑफिस में है. मैं कैसे बोलेगा, कपाट में है?" ती जरा थांबली. "रोज देखता था. साड़ी उठाके देखता था, है कि नहीं."

नीलिमाला रडू फुटलं. वार्सिनीने तिला जवळ घेतलं नाही, ती दूरही झाली नाही. रडणं ओसरेपर्यंत ती थांबली. मग खुर्ची ओढून बसली आणि टेबलावरच्या कागदांवर बोट ठेवलं.

"अब पढ़ के सुनाओ."

"क्या?"

"ये काग़ज़. सर बोला साइन करो, मैं सात साल पहले साइन किया. पढ़ा नहीं. आज सुनना है. अभी टाइम है."

पाच पानं होती, इंग्रजीत. नीलिमाने चष्मा लावला आणि एकेक ओळ हिंदीत सांगू लागली. जमीन तीस वर्षांसाठी भाड्याने दिली आहे. तीस वर्षांचं भाडं आधीच मिळालं आहे, आणखी काही मागणार नाही. वार्सिनी मान हलवत होती. इथवर वकिलाचं होतं. त्यापुढची कलमं नीलिमा पहिल्यांदाच वाचत होती. लवंगेच्या पिकावर वार्सिनीचा आणि तिच्या वारसांचा हक्क राहणार नाही. बागेच्या कडेच्या दोन खोल्या सांगितल्यापासून पंधरा दिवसांत रिकाम्या कराव्या लागतील. तिच्या घरच्या कोणीही परवानगीशिवाय आवारात पाऊल ठेवायचं नाही.

पंधरा दिवसांच्या ओळीवर ती अर्ध्यातच थांबली. ती ओळ गाळून पुढे जाता आलं असतं. वार्सिनीला कुठे इंग्रजी वाचता येत होतं? नीलिमाने पुन्हा सुरुवात केली आणि पूर्ण वाचली.

"पंद्रह दिन," वार्सिनी म्हणाली. "उधर मेरा आदमी का कब्र है. बगीचे के पीछे. आपको मालूम है."

"मालूम है."

वार्सिनीने टेबलावरचं पेन उचललं, टोपण काढलं आणि हातात तसंच धरून ठेवलं. "मॅडम, आपके सामने कोई ये काग़ज़ रखे, तो आप साइन करेगा?"

घड्याळात सव्वाचार झाले होते. लिफ्ट वर येत होती. एक शब्द, फक्त 'हो' म्हणायचं. मी करीन, वार्सी, त्यात काय, फॉर्मॅलिटी तर आहे. वार्सिनीने बहुधा सहीही केली असती. बारा वर्षं ती या घरात मॅडमचं ऐकत आली होती. नीलिमाच्या डोळ्यांपुढे तिच्या तीन खोल्या आल्या, खिडकीबाहेरचा डोंगर आला, आणि टोरांटोतल्या त्या खोलीत पर्णीच्या मैत्रिणींसमोर पिशव्या घेऊन उभे असलेले आपण दोघंही आलो.

"नहीं," ती म्हणाली. "मैं नहीं करूँगी."

वार्सिनीने पेनला टोपण लावलं आणि ते कागदांवर आडवं ठेवलं.

दार उघडलं. चंद्रहास घाईने आत आला. त्याच्यामागे टायपिंग सेंटरचा रेहान शिक्का आणि शाईचं पॅड घेऊन उभा. "यल्ला, यल्ला, जल्दी! वार्सिनी, इधर साइन, इधर साइन, और हर पेज पे छोटा साइन." मग त्याचं लक्ष उघड्या ड्रॉवरकडे गेलं.

"मॅडम ने पढ़ के सुनाया, सर," वार्सिनी उभी राहत म्हणाली. "मैं साइन नहीं करेगा."

चंद्रहास बायकोकडे वळला. त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. "तू वाचून दाखवलंस? सगळं?"

"सगळं. पंधरा दिवसांचंही."

"अगं वेडी आहेस का तू? ते नुसतं लिहून ठेवायचं असतं! मी तिला बाहेर काढणार होतो का?"

"मग लिहिलंत कशाला?"

रेहानने परिस्थिती ओळखली, शिक्का खिशात घातला आणि "मैं नीचे हूँ, साब" म्हणून पाय मागे घेतला. चंद्रहास खुर्चीत धप्पकन बसला. आवाज चढवायचा प्रयत्न करत होता, पण आवाज फुटत होता. "सात वर्षं मी हिच्या भरवशावर होतो. हिला घर दिलं, काम दिलं. आणि आता ही मला नाही म्हणते? बावीस वर्षं फहदच्या बापाने कधी एका शब्दाने..."

"त्यांना तुम्ही असा कागद कधी दिला होता?" नीलिमा म्हणाली. "पंधरा दिवसांत बाहेर व्हा, असं त्यांना लिहून मागायची हिंमत झाली असती तुमची?"

"त्यांची गोष्ट वेगळी. ते मालक होते!"

"हीसुद्धा मालकच आहे."

नीलिमाला नवऱ्याची दया आली. तो वाईट माणूस नव्हता. घाबरला होता, आणि घाबरलेला माणूस हाताला लागेल त्या ड्रॉवरला कुलूप घालतो. ती स्वतःही तेच तर करत आली होती. तिला त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण आता वेळ नव्हता. तिने फोनवरून टॅक्सी मागवली, पर्समधून पैसे काढले आणि चपला शोधू लागली.

वार्सिनीने दोघांना हात जोडले. दाराशी जाऊन बूट घातले, वाकून बंद बांधले. ती उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार, तोच चंद्रहास मागून बोलला. आवाज इतका लहान होता की नीलिमालाही क्षणभर ओळखू आला नाही.

"वार्सिनी... नवम्बर में हम लोग आएँ तो चलेगा?"

सात वर्षांत त्याने हे तिला कधी विचारलं नव्हतं. तिकीट काढायचं आणि 'घर झाडून ठेव' म्हणून कळवायचं, एवढंच ठाऊक. वार्सिनी थांबली. तिने मान वळवली, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दारात आलेल्या पाहुण्याची सोय कुठं लावायची याचा हिशेब करणाऱ्या घरधनिणीसारखी ती जरा विचारात पडली.

"आओ ना, सर," ती म्हणाली. "कितने दिन के लिए?"

मरेपर्यंत, हे उत्तर चंद्रहासच्या ओठांवर येऊन थांबलं. खालून टॅक्सीचा हॉर्न वाजला. वार्सिनी उत्तराची वाट बघत दारात उभी होती.